ओटीवरचा शब्द

माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या घरी तीन भावांचा एकत्र कारभार होता. थोरले काका, माझे वडील आणि धाकटे आप्पा. एका वर्षी भात कापून खळ्यात उडवी रचून झाली होती. आमच्याकडे कित्येक वर्षं काम करणारा गडी ओटीवर येऊन विचारून गेला, झोडणी कधी धरायची? ओटीवर आप्पा बसले होते. ते म्हणाले, सोमवारी ये. त्याच संध्याकाळी काकांनी आणखी कुणाला तरी सांगितलं की यंदा झोडणी गुरुवारी. सोमवारी सकाळी तो गडी सहा माणसं घेऊन अंगणात हजर! काका म्हणाले, तुला आज कुणी बोलावलं? आप्पा म्हणाले, मी. आणि मग त्या सहा माणसांच्या देखत दोघा भावांची जी जुंपली...

आजी बाहेर आली. तिने आधी सगळ्यांना चहा द्यायला लावला, मग स्वतःच्या बटव्यातून सातही जणांची दिवसाची मजुरी दिली. रात्री जेवणं झाल्यावर मात्र तिने तिघा मुलांना समोर बसवलं. म्हणाली, "भांडायचं तर माजघरात भांडा, हवं तर मीही येते भांडायला. पण ओटीवर गेलेला शब्द एकच असला पाहिजे. तुमचं काही जात नाही रे, बाहेरच्या माणसाचा दिवस मोडतो."

आघाडीच्या किंवा युतीच्या सरकारातली एखादी 'नाराजी' पेपरात वाचली की मला आजीचं ते वाक्य आठवतं. आणि हल्ली ते फारच वारंवार आठवायला लागलंय.

आधीच सांगून टाकतो, मी आघाडी सरकारांच्या विरोधात नाही. असून उपयोगही नाही म्हणा. १९८५ नंतर महाराष्ट्राच्या विधानसभेत एकाही पक्षाला स्वतःच्या बळावर १४५ चा आकडा गाठता आलेला नाही. १९९० मध्ये काँग्रेस १४१ वर थांबली, २०१४ मध्ये भाजप १२२ वर, २०२४ च्या एवढ्या मोठ्या विजयातही भाजप १३२ वरच. म्हणजे ज्याचं वय आज चाळिशीच्या आत आहे त्या मराठी माणसाने आपल्या राज्यात निर्भेळ एकपक्षीय बहुमत पाहिलेलंच नाही. मतदारच जर चार घरांत मतं वाटून देत असतील तर चार घरांनी एकत्र बसून कारभार करणं हे ओघानेच आलं. त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न आहे तो हा कारभार आपल्यापर्यंत कसा पोचतो, त्याचा.

साधं उदाहरण घेऊ. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, ३ जून २०२१ रोजी मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगितलं की राज्यात पाच टप्प्यांत निर्बंध उठणार आणि अठरा जिल्ह्यांत उद्यापासूनच सगळं खुलं होणार. टीव्हीवर जिल्ह्यांची यादी झळकली. आणि काही तासांतच सरकारकडून खुलासा आला, निर्बंध उठवलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन आहे. पुढे एक-दोन दिवसांत पाच टप्प्यांचा आदेश खरोखरच निघाला आणि ७ जूनपासून लागू झाला. म्हणजे मंत्री खोटं बोलत होते असं नाही, जे ठरत आलं होतं तेच ते बोलले. फक्त मुख्यमंत्री शिवसेनेचे होते, मंत्री काँग्रेसचे, आणि शब्द माजघरातून ओटीवर यायच्या आधीच बाहेर पडला.

आता त्या संध्याकाळी अठरापैकी एखाद्या जिल्ह्यातल्या केशकर्तनालयवाल्याचा विचार करा. दोन महिने दुकान बंद. गावाला गेलेल्या कारागिराला त्याने फोन केला असेल का? केला असेल तर दुसरा फोन करून 'थांब रे बाबा' म्हणाला असेल का? आपल्याकडे अशा घटनेला 'सरकारमधला विसंवाद' असं गुळगुळीत नाव देऊन मोकळं होतात. त्या दुकानदाराच्या भाषेत तो मोडलेला दिवस असतो.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लशीच्या बाबतीतही हेच झालं होतं. २५ एप्रिलला राष्ट्रवादीच्या नवाब मलिकांनी जाहीर केलं की राज्यात लस मोफत देणार. त्याच दिवशी आदित्य ठाकऱ्यांनी त्याच अर्थाचं ट्विट केलं आणि नंतर, गोंधळ नको म्हणून, काढूनही टाकलं. काँग्रेसचे बाळासाहेब थोरात श्रेयाच्या या घाईवर नाराज झाले. मंत्रिमंडळाचा निर्णय मात्र झाला २८ तारखेला! निर्णय चांगला होता, तिन्ही पक्षांना हवा होता. मतभेद नव्हतेच. तरीही तीन तोंडांतून तीन वेळा, आणि तेही निर्णय व्हायच्या आधी. म्हणजे आघाडीत मतभेदामुळेच विसंवाद होतो हेही खरं नाही. एकमत असलं तर 'आधी कोण सांगणार' यावरून होतो.

असं का होतं? मला वाटतं याचं मूळ स्वभावात नाही, रचनेत आहे. आपल्या राज्यघटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात म्हटलंय की मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. म्हणजे सरकार पडतं तेव्हा सगळ्यांचं एकदम पडतं. पण मतं? ती सामूहिक नसतात. ती चिन्हावर पडतात. आज ज्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, त्याच्याच कार्यकर्त्याशी उद्या जिल्हा परिषदेत, महापालिकेत लढायचं असतं. एका पक्षाचं सरकार असलं की कुठल्याही मंत्र्याने केलेलं काम शेवटी पक्षाच्या खात्यात जमा होतं. आघाडीत मात्र श्रेय ज्याचं त्याचं आणि खापर सगळ्यांचं. अशा दुकानात प्रत्येक भागीदार गल्ल्याजवळच उभा राहणार हे उघड आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे १३ जून २०२३ चे पेपर. पहिल्या पानावर पानभर जाहिरात, 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे'. सोबत एका सर्वेक्षणाचे आकडे. मुख्यमंत्रिपदासाठी एकनाथ शिंदे यांना पसंती २६.१ टक्के, देवेंद्र फडणवीस यांना २३.२ टक्के. फडणवीस तेव्हा त्याच सरकारात उपमुख्यमंत्री होते! त्यांचा फोटोही जाहिरातीत नव्हता. भाजपमध्ये व्हायचा तो संताप झाला. जाहिरात कुणा हितचिंतकाने दिली असं शिंदेंच्या पक्षाकडून सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानभर जाहिरात आली, या वेळी दोघांचेही फोटो. मी ते दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. दोन दिवस पहिलं पान खर्ची पडलं, पण सरकारने माझ्यासाठी काय केलं किंवा करणार आहे याबद्दल मला फारसं काही कळलं नाही. दोन पक्ष एकमेकांशी बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्याचा कागद माझ्या दारात येऊन पडला होता, इतकंच.

पुढच्या वर्षी लाडकी बहीण योजना आली. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. योजनेचं पूर्ण नाव 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'. मुख्यमंत्री शिंदे, अर्थसंकल्प मांडणारे अजित पवार. पवारांच्या पक्षाच्या प्रचारात नावातला 'मुख्यमंत्री' हा शब्द गळतो म्हणून सप्टेंबरात शिंदेंच्या मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली. एका शब्दावरून! हसू येतं खरं, पण त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही त्या शब्दासाठी भांडलो असतो. कारण आघाडीत नाव हेच चलन. प्रश्न एवढाच की या भांडणाला जेवढी जागा मिळाली तेवढी 'हे पैसे दरवर्षी कुठून येणार आणि त्यासाठी काय मागे राहणार' या प्रश्नाला मिळाली का? तिन्ही पक्षांना श्रेय हवं असलं की खर्चाबद्दल बोलायला तिघांपैकी कुणीच उरत नाही.

आता याच्या बरोबर उलट टोक. काहीच न बोलणं.

मनमोहन सिंगांनी फेब्रुवारी २०११ मध्ये टीव्ही वाहिन्यांच्या संपादकांसमोर, टूजीचा गदारोळ चालू असताना, आघाडीच्या राजकारणात काही तडजोडी कराव्या लागतात अशा अर्थाची कबुली दिली होती. माणूस सरळ होता, बोलला ते खरंच होतं. पण लोकांनी ते कसं ऐकलं? 'माझ्या हातात नव्हतं' असं. घरात चोरी झाली आणि घरमालक म्हणाला की काय करणार, एकत्र कुटुंब आहे, तर शेजाऱ्यांना जे वाटेल तेच देशाला वाटलं. पुढच्याच वर्षी, १४ मार्च २०१२ ला रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ मांडली. किलोमीटरला २ पैशांपासून ३० पैशांपर्यंत. रेल्वेची अवस्था पाहता ती का हवी हे त्यांनी संसदेत सांगितलंही. पण त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षा ममता बॅनर्जींनी त्याच दिवशी त्यांना हटवायची मागणी केली आणि चार दिवसांत ते गेले. मुकुल रॉय आले आणि बहुतेक भाडेवाढ मागे घेतली. आता मला सांगा, रेल्वेला पैशांची गरज होती की नव्हती? १४ तारखेला होती आणि पुढच्या आठवड्यात नव्हती? सरकारने यातलं काहीच समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मित्रपक्ष दुखावला असता.

आणि जेव्हा ते शेवटी बोलले तेव्हा काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीचा निर्णय नोव्हेंबर २०११ मध्ये झाला, मित्रपक्षांच्या विरोधामुळे डिसेंबरात थांबला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा झाला. तृणमूल बाहेर पडली. त्यानंतर २१ सप्टेंबरला पंतप्रधानांनी देशाला उद्देशून भाषण केलं आणि पैसे झाडाला लागत नाहीत हे वाक्य उच्चारलं. ते भाषण चांगलं होतं, साधं होतं, हिशेब देणारं होतं. पण इतक्या वर्षांच्या मौनानंतर आलेलं होतं. लोकांना त्यातलं झाड तेवढं लक्षात राहिलं, चेष्टेसाठी.

तिसरा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. सत्तेत राहून विरोधी पक्षाचंही काम करायचं. २०१४ ते २०१९ या काळात शिवसेनेचे मंत्री राज्यात मंत्रिमंडळात बसत आणि 'सामना'चा अग्रलेख त्याच सरकारवर तुटून पडे. आमचे राजीनामे खिशात आहेत, असं मंत्री सांगत. पाच वर्षं ते खिशातच राहिले. त्याआधी २०१२ मध्ये काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांनी सिंचनावर श्वेतपत्रिका काढायचं ठरवलं तेव्हा जलसंपदा खातं राष्ट्रवादीकडे होतं. दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र ०.१ टक्का वाढलं हा आकडा तेव्हा गावोगावच्या पारावर पोचला होता. सप्टेंबरात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली, डिसेंबरात ते परत आले. श्वेतपत्रिका तयार कुणी केली? ज्याच्याकडे हिशेब मागायचा त्याच खात्याने! एक सरकार, पण हिशेब दोन. शेतकऱ्याने कुठला खरा मानायचा?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग आजीचंच खरं. भांडण माजघरात, ओटीवर एक शब्द. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण अलीकडे मला त्यात एक खोट दिसायला लागली आहे.

घर आणि राज्य यांत फरक आहे. आमचं माजघर आमचं होतं, गड्याला तिथे येऊन ऐकायचा हक्क नव्हता (तो असायला हवा होता की नाही हा वेगळा प्रश्न). राज्याचं माजघर मात्र आपलं आहे. मी ज्या पक्षाला मत दिलं त्याने तिथे माझी बाजू मांडली की नाही, कशाच्या बदल्यात काय सोडलं, हे मला कळलंच पाहिजे. सगळे एका सुरात बोलायला लागले तर ते मला कळणार नाही. शिवाय मित्रपक्षाच्या कुरकुरीमुळे निर्णय सुधारतातही. २००४ च्या किमान समान कार्यक्रमात रोजगार हमीचं आश्वासन होतं. २००५ मध्ये तो कायदा झाला, त्यामागे बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्यांचा रेटाही होताच. तेव्हा कुरकुर बंद करा हा काही उपाय नव्हे.

मग हवं काय? मला वाटतं, वाद उघड असायला हरकत नाही. निर्णय मात्र एकच आणि स्पष्ट हवा, आणि तडजोड झाली असेल तर ती 'तडजोड' म्हणूनच सांगायला हवी. आपल्याकडे नेते तडजोडीला एवढे लाजतात की एक तर ती झालीच नाही असं दाखवतात, नाहीतर तिला 'मजबुरी' म्हणतात. 'आम्हाला हे हवं होतं, त्यांना ते हवं होतं, दोघांचं मिळून हे ठरलं, आणि आता हा आमच्या दोघांचाही निर्णय आहे' असं सरळ वाक्य मी आपल्याकडे फारच क्वचित ऐकलंय. त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण वाजपेयींच्या काळातलं. १९९९ ची निवडणूक भाजपने स्वतःचा वेगळा जाहीरनामा न काढता आघाडीच्या एकत्र जाहीरनाम्यावर लढवली. राम मंदिर, ३७० कलम, समान नागरी कायदा त्यात नव्हते. हे विषय सोडलेले नाहीत, पण या आघाडीच्या कार्यक्रमात ते नाहीत, हे मतदानाच्या आधीच माहीत होतं. पटो न पटो, व्यवहार चोख होता.

आणि असं न सांगण्याची किंमत काय असते हे पाहायचं तर ब्रिटनकडे पाहावं. तिथे २०१० मध्ये अनेक वर्षांनी आघाडी सरकार आलं. छोटा भागीदार लिबरल डेमोक्रॅट, ५७ खासदार. निवडणुकीआधी त्यांच्या उमेदवारांनी लेखी वचन दिलं होतं की विद्यापीठांची फी वाढवण्याच्या विरोधात मत देऊ. सत्तेत गेल्यावर काही महिन्यांतच फीची मर्यादा ९००० पौंडांपर्यंत वाढली आणि त्यांच्यातल्याच २७ खासदारांनी वाढीच्या बाजूने मत दिलं. त्यांचे नेते निक क्लेग यांनी माफी मागितली, पण सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. याच सरकारात त्यांनी स्वतःची एक मोठी मागणी, कमी उत्पन्नाला आयकरातून सूट, मान्य करून घेतली होती. पण तिचं श्रेय मोठा भागीदार घेऊन गेला. २०१५ मध्ये ५७ चे ८ झाले. मिळवलेलं सांगता आलं नाही आणि सोडलेलं वेळेवर कबूल केलं नाही, तर छोट्या पक्षाचं असं होतं. आपल्याकडच्या छोट्या पक्षांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

खरं तर करायला फार अवघड नाही. मंत्रिमंडळाचा निर्णय झाल्याशिवाय, कागदावर आल्याशिवाय कुणीही तो जाहीर करू नये, आणि जाहीर करताना सगळ्या पक्षांचा एकेक माणूस शेजारी असावा. किमान समान कार्यक्रम शपथविधीच्या दिवशी वाचून दाखवतात, तो दरवर्षी पुन्हा वाचावा. काय झालं, काय राहिलं, कुणामुळे राहिलं. महाविकास आघाडीने २८ नोव्हेंबर २०१९ ला असा कार्यक्रम जाहीर केला होता. त्यात औरंगाबादच्या नामांतराबद्दल काही नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्री कार्यालयाच्या ट्विटमध्ये 'संभाजीनगर' असा उल्लेख आला, थोरातांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि निर्णय झाला तो २९ जून २०२२ ला, सरकार गेलं त्या दिवशी. जे लिहून ठेवलं नाही ते आधी ट्विटमध्ये आणि मग शेवटच्या घटकेला बाहेर पडतं, ते असं.

जाता जाता थोडं आपल्याबद्दलही. 'नाराजीनाट्य', 'रुसवेफुगवे', 'कोण कुठल्या बैठकीला गैरहजर' असे मथळे मी आधी वाचतो. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, ते मी वर्षातून एकदाही उघडत नाही. तुम्ही उघडता? नेत्यांना हे पक्कं माहीत आहे. आपण रुसवा बघतो म्हणून ते रुसवा दाखवतात.

असो. झोडणीच्या त्या प्रकारानंतर काका आणि आप्पा पुढे कधी भांडले नाहीत असं मुळीच नाही, चांगले कडाडून भांडत. पण दुसऱ्या वर्षी तो गडी ओटीवर आला, तेव्हा आप्पा समोर बसलेले असूनही त्याने त्यांना काही विचारलं नाही. तो माजघराच्या दाराकडे बघत उभा राहिला, आजी बाहेर येईपर्यंत. आप्पांचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी त्याला एकदाच चुकीचा वार सांगितला होता.